आशेची पोचपावती : अस्वस्थ काळात देशावरचा विश्वास टिकवण्यासाठी दिघेकरांना मार्गदर्शन

देशाबद्दलची निराशा बहुधा मोठ्या बातमीतून सुरू होत नाही. नळाला पाणी नसणे, इमारतीवर चिकटवलेली नोटीस, बंद पडलेला कारखाना, मतदार यादीतून गायब झालेले नाव, अशा घराजवळच्या गोष्टींतून ती साचत जाते. युद्धाची, दंगलीची किंवा घोटाळ्याची बातमी येते तेव्हा हा साठा उफाळून येतो आणि “या देशाचे काही खरे नाही” हे वाक्य तोंडी बसते. ठाण्याकडून येताना नवी मुंबईत शिरल्यावर पहिले लागणारे दिघा हे या अनुभवाचे नेमके उदाहरण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या या वस्तीत मूळ गावकऱ्यांसोबत घाटावरून, कोकणातून, मराठवाड्यातून आणि उत्तर भारतातून पोटासाठी आलेली माणसे राहतात. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर येथील ९९ बेकायदा इमारतींचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यातल्या काही इमारती पाडल्या गेल्या आणि आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली.

अशा वेळी बातम्या पाहाव्यात की बंद कराव्यात, तक्रार केल्याने काही होते का, सरकारवर टीका केली तर ते देशाच्या विरोधात ठरते का आणि मुलांना काय सांगावे, हे प्रश्न रहिवाशांकडून पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत.

आशा कशाला म्हणावे

“सगळे ठीक होईल” असे म्हणत बसणे हा भाबडेपणा आहे आणि “काहीच होणार नाही” असे ठरवून टाकणे ही सुटका आहे. दोन्हींत माणसाला काही करावे लागत नाही. कामाला येणारी आशा या दोन्हींपेक्षा वेगळी असते. तिच्याजवळ एक मागणी असते, ती मागणी ऐकायला बांधील असलेले एक कार्यालय असते आणि उत्तराची एक तारीख असते. म्हणून देशावरचा विश्वास टिकवण्याची सर्वांत साधी कसोटी पोचपावतीची आहे. ज्या चिंतेची पोचपावती आपल्या घरात आहे, तिच्याबाबत वाट पाहण्याला अर्थ असतो. जिची नाही, ती नुसती मनात घोळत राहते.

पहिली पायरी : चिंतांची वाटणी

एका कागदावर मनात असलेल्या सर्व चिंता लिहून काढाव्यात आणि त्या तीन खणांत वाटाव्यात.

- आपल्या हातातल्या : मतदार यादीतील नाव, घराची कागदपत्रे, मुलांचे शिक्षण, घरात चालणारी चर्चा.
- अर्ज करून हलवता येतील अशा : पाणी, कचरा, रस्ता, दिवाबत्ती, कारखान्याचा धूर, शिधापत्रिका, इमारतीची नोटीस, रेल्वेच्या सोयी.
- आपल्या हाताबाहेरच्या : सीमेवरील तणाव, जागतिक मंदी, दुसऱ्या राज्यातील हिंसा.

पहिल्या खणातील कामे महिन्याभरात उरकावीत. दुसऱ्या खणातून एकच काम निवडावे. तिसऱ्या खणातील गोष्टींबाबत माहिती घ्यावी, मत बनवावे आणि मतदानाच्या वेळी ते लक्षात ठेवावे. रोज रात्री त्यांचा घोर लावून घेतल्याने त्या बदलत नाहीत. वाटणी केली की बहुतेकांच्या एक गोष्ट लक्षात येते : सर्वाधिक वेळ तिसऱ्या खणात जातो आणि दुसरा खण वर्षानुवर्षे तसाच पडून असतो.

बातम्या : किती, केव्हा, कोठून

बातम्या पूर्ण बंद करू नयेत. नागरिकाला निर्णय घेण्यासाठी त्या लागतात. त्यांना वेळेची चौकट मात्र घालावी.

- दिवसातून दोन ठरलेल्या वेळा ठेवाव्यात. रात्री झोपण्यापूर्वीचा तास मोकळा ठेवावा.
- दिवसाला एक छापील वृत्तपत्र पूर्ण वाचावे. त्यात पहिल्या पानावरच्या संकटाबरोबर आतल्या पानांवर निकाल, योजना, मुदती आणि स्थानिक कामेही असतात.
- व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा चित्रफीत लगेच पुढे पाठवू नये. ती कधीची आहे, कोठली आहे आणि मूळ कोणी टाकली, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.
- केंद्र सरकारशी संबंधित दाव्याची खातरजमा पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाकडे करता येते. हा विभाग २०१९ पासून काम करतो.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत जुन्या युद्धांच्या आणि व्हिडिओ गेममधल्या चित्रफिती ताज्या म्हणून फिरल्या. घाबरलेल्या माणसाला त्या खऱ्या वाटल्या, कारण त्या त्याच्याच नातेवाइकाने पाठवल्या होत्या. समाजात भीती किंवा वैर पसरेल अशी खोटी माहिती पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो. कुटुंबाच्या गटात शंकास्पद मजकूर आला, तर पाठवणाऱ्याला चारचौघांत न लाजवता वेगळा फोन करून सांगावे. अफवा त्याने थांबते आणि नातेही टिकते.

कोणाचे काम कोणाकडे

दिघ्यातील तक्रारी अडकण्याचे एक मोठे कारण चुकीचा पत्ता हे आहे. येथे अनेक यंत्रणांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. अर्ज लिहिण्यापूर्वी पुढील यादी पाहावी.

- नवी मुंबई महानगरपालिका, दिघा विभाग कार्यालय : अंतर्गत रस्ते, गटारे, कचरा, पथदिवे, महापालिका शाळा, नागरी आरोग्य केंद्र, मालमत्ता कर.
- महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) : औद्योगिक क्षेत्रातील भूखंड आणि तेथील सोयी, तसेच महामंडळाच्या जमिनीवरील बांधकामे.
- सिडको : सिडकोच्या मालकीची जमीन आणि तिच्यावरील बांधकामे.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ : कारखान्यांचा धूर, उग्र वास, सांडपाणी.
- महावितरण : वीजजोडणी, देयके, खंडित पुरवठा.
- मध्य रेल्वे : दिघा गाव स्थानक आणि लोकल गाड्या.
- ठाणे जिल्हाधिकारी आणि तहसील कार्यालय : सातबारा, महसुली नोंदी, जात, उत्पन्न व अधिवासाचे दाखले.

जागा कोणाच्या मालकीची आहे हेच माहीत नसेल, तर पहिला अर्ज तेवढेच विचारणारा करावा. पुढचा सर्व प्रवास त्या उत्तरावर ठरतो.

अर्जापासून उत्तरापर्यंत : चार मार्ग

१. माहितीचा अधिकार. केंद्राचा माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा त्याआधी, २००२ मध्येच झाला होता.

- राज्यातील कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. ते कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र पुरावा जोडावा लागतो.
- महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मागणी १५० शब्दांत बसावी.
- उत्तराची मुदत ३० दिवस आहे. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते.
- अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवणे ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे.
- उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. रेल्वेसारख्या केंद्रीय कार्यालयाबाबत ते केंद्रीय माहिती आयोगाकडे करावे.

“काम का झाले नाही” असे विचारू नये. कारण सांगत बसण्याचे बंधन या कायद्यात नाही, हातातील कागद देण्याचे आहे. म्हणून “अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, कामाचा आदेश आणि कंत्राटदाराच्या देयकाची प्रत द्यावी” अशी मागणी करावी.

२. सेवा मिळण्याचा हक्क. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार दाखले, नोंदी, जोडण्या अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर करता येतो. मुदत टळली तर त्याच विभागात पहिले आणि दुसरे अपील, आणि तेथेही न्याय मिळाला नाही तर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. पुरेशा कारणाशिवाय सेवा नाकारणाऱ्या किंवा रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दाखल्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याआधी कार्यालयातील सेवांचा फलक वाचावा. मुदत, शुल्क आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पद त्यावर लिहिलेले असते.

३. लोकशाही दिन. महापालिका आणि जिल्हा स्तरावर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात चालू असलेले प्रकरण, सेवाविषयक बाबी आणि अनेकांच्या सह्यांचे सार्वजनिक निवेदन येथे घेतले जात नाही. वैयक्तिक स्वरूपाची आणि आधीच्या तक्रारीची पोच जोडलेली तक्रार येथे टिकते.

४. मोफत कायदेशीर मदत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि आपत्तिग्रस्त यांना मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दिघ्यासारख्या कामगारवस्तीत हा हक्क बहुसंख्य घरांना लागू पडतो, तरी त्याचा वापर फार थोडे करतात. अर्ज ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

इमारतीला नोटीस आली तर

घर जाण्याची भीती ही देशावरचा विश्वास सर्वांत लवकर पोखरते. म्हणून या बाबतीत काय खरे आहे हे स्पष्ट माहीत असणे गरजेचे आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करता येत नाही. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी लागते आणि बांधकामावरही लावावी लागते. उत्तरासाठी किमान १५ दिवस किंवा स्थानिक कायद्यात असतील तेवढे दिवस द्यावे लागतात. व्यक्तिशः सुनावणी घ्यावी लागते आणि अंतिम आदेशात कारणे द्यावी लागतात. अंतिम आदेशानंतरही १५ दिवस पाडकाम करता येत नाही आणि पाडकामाचे चित्रीकरण बंधनकारक आहे.

या निर्देशांना दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना आणि जेथे न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला आहे तेथे हे संरक्षण लागू होत नाही. दिघ्यातील अनेक इमारतींचा प्रश्न न्यायालयातून आलेला असल्याने हा दुसरा अपवाद रहिवाशांनी नीट समजून घ्यावा.

नोटीस आल्यावर पुढील क्रमाने जावे.

1. नोटिशीवरील तारीख, देणारे कार्यालय आणि कायद्याचे कलम लिहून घ्यावे. नोटीस फाडू किंवा काढू नये. तिचा फोटो घ्यावा.
2. पहिल्या तीन दिवसांत इमारतीची बैठक घ्यावी आणि प्रत्येक घराच्या कागदांची यादी करावी.
3. जमिनीचा मालक कोण, बांधकामाला प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र होते का, इमारतीचे नाव न्यायालयीन यादीत आहे का, हे तपासावे.
4. मुदतीत लेखी उत्तर द्यावे, सुनावणी मागावी आणि पोच घ्यावी.
5. विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच आठवड्यात अर्ज करावा.

या प्रश्नात तीन गैरसमज फार महागात पडले आहेत. पहिला, मालमत्ता कराची पावती आणि वीजजोडणी असली की घर कायदेशीर ठरते. तसे ठरत नाही. कर आकारणीने बांधकामाला परवानगी मिळत नाही. दुसरा, नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर खोली आपल्या नावावर होते. ती होत नाही. स्थावर मालमत्तेची मालकी नोंदणीकृत दस्तानेच हस्तांतरित होते. तिसरा, इमारत जुनी झाली की आपोआप नियमित होते. काळ लोटल्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. नवे घर घेणाऱ्याने महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी पाहिल्याशिवाय विसारही देऊ नये. “स्थगिती आणून देतो” म्हणत रोख रक्कम गोळा करणाऱ्यापासून दूर राहावे. वकिलाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि पैशाची पावती मिळाल्याशिवाय वर्गणी देऊ नये. प्रकरणाची स्थिती उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते.

टीका केली म्हणजे देशाच्या विरोधात गेलो का

नाही. संविधानाच्या कलम १९ ने भाषण-अभिव्यक्तीचे आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण सरकारच्या धोरणावरची नापसंती हा गुन्हा नाही. हिंसेला चिथावणी न देणारी कडक टीकाही राजद्रोह ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह प्रकरणात १९६२ मध्येच सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ च्या स्पष्टीकरणातही कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेल्या टीकेला वेगळे ठेवले आहे.

मराठी समाजाला याचा मोठा वारसा आहे. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी लागू असताना, कऱ्हाडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी भर मांडवात आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. त्यानंतर मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी मतपेटीतून सरकार बदलले. देशावर प्रेम असणाऱ्यांनी त्या काळात केलेली टीकाच देशाच्या कामी आली.

निषेध करताना मात्र पुढील काळजी घ्यावी.

- मोर्चा किंवा धरण्यासाठी पोलिसांकडे आधी लेखी अर्ज द्यावा आणि परवानगीच्या अटी वाचाव्यात. परिसरात जमावबंदीचा आदेश आहे का, हे विचारून घ्यावे.
- रुग्णवाहिका, शाळेची वाट आणि रेल्वेमार्ग अडवू नये. रेल्वे अडवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.
- टीका निर्णयावर आणि कामावर करावी. जात, धर्म, भाषा किंवा गाव यांवर घसरलेला निषेध मूळ मागणी बुडवतो.

मतदार यादी : दर तिमाहीची तपासणी

एप्रिल २०१५ नंतर नवी मुंबई महापालिकेचे पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मे २०२० पासून कारभार प्रशासकाकडे होता. रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्याव्यात असा आदेश ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्यानंतर राज्यभर हे चक्र हलले. जी पिढी या काळात अठरा वर्षांची झाली, तिने नगरसेवक निवडण्याचा अनुभवच घेतला नव्हता. हक्क न वापरता राहिला की तो आपला आहे हेही विसरले जाते.

दिघा ऐरोली विधानसभा आणि ठाणे लोकसभा मतदारसंघात येते. महापालिकेच्या निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची घेतली जाते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर नाव शोधणे उशिराचे ठरते.

- नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा.
- १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा आहेत. अठरा पूर्ण होणाऱ्या मुलामुलींचा अर्ज आधीच भरता येतो.
- मदतवाहिनी १९५० आहे.
- भाड्याचे घर बदललेल्यांनी नमुना ८ लगेच भरावा. एकाच व्यक्तीचे नाव गावी आणि दिघ्यात अशा दोन ठिकाणी असणे कायद्याला मान्य नाही.

एकट्याने की मिळून

एकट्याचा उत्साह तिसऱ्या हेलपाट्याला संपतो. म्हणून काम मिळून करावे, पण त्यासाठी मोठी संघटना उभारण्याची गरज नाही. दिघ्यात भिशी, बचत गट, गणेशोत्सव मंडळ, इमारतीची समिती यांपैकी काही ना काही प्रत्येक गल्लीत आहे. तेथील माणसे पैशाच्या बाबतीत एकमेकांवर आधीच विश्वास ठेवतात, म्हणून काम तेथूनच सुरू करावे.

- दहा घरे, एक प्रश्न, तीन महिने : एवढीच मर्यादा ठेवावी. एकाच वेळी पाणी, कचरा आणि रस्ता हाती घेऊ नये.
- कामाची वाटणी : एकाने लिहावे, एकाने कार्यालयात जावे, एकाने नोंदवही सांभाळावी. मोबाइल चांगला वापरणाऱ्या तरुणाकडे पोर्टल द्यावे.
- नोंदवही : तारीख, कार्यालय, अधिकाऱ्याचे पद, मिळालेले उत्तर, पुढची तारीख. पाच रकाने पुरेत.
- मासिक बैठक : अर्धा तास. पहिला विषय झालेले काम, दुसरा विषय राहिलेले काम. हा क्रम उलटा करू नये. झालेले काम आधी वाचले नाही, तर लोक पुढच्या बैठकीला येत नाहीत.
- उत्तराची कदर : एखाद्या कर्मचाऱ्याने मनापासून काम केले, तर त्याच्या वरिष्ठांना लेखी कळवावे. चांगले काम नोंदवणारा नागरिक पुढच्या वेळी तक्रार घेऊन आला की त्याचे म्हणणे ऐकले जाते.

मुलांना काय सांगावे

“शिकून बाहेरच्या देशात जा, इथे काही नाही” हे वाक्य घराघरांत सहज बोलले जाते. परदेशी जाण्यात गैर काही नाही, पण ते तिरस्काराच्या पायावर उभे राहू नये. मुलांना संकट नाकारणाऱ्या गोष्टी सांगू नयेत. संकटातून काय उभे राहिले आणि त्याला किती वेळ लागला, हे तारखांसह सांगावे.

- दुष्काळातून हक्क : १९७२ च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना महाराष्ट्रात सुरू झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये त्याच विचारावर देशव्यापी कायदा झाला. दगड फोडणाऱ्या मजुराचे काम हक्क बनले.
- जमिनीतून वाटा : नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात आंदोलन केले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली.
- दिघ्यातील स्थानक : ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर २००४ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या, पण दिघ्याच्या दारावरून गाडी न थांबता जात होती. दिघा गाव स्थानक बांधून झाल्यावरही ते उघडण्यासाठी लोकांना मागणी लावून धरावी लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी ते सुरू झाले. मार्ग सुरू झाल्यापासून त्याला एकोणीस वर्षे लागली.

या उदाहरणांतील उशीर लपवू नये. साडेबारा टक्क्यांतील सर्वांना वेळेवर भूखंड मिळाले नाहीत, रोजगार हमीत गैरप्रकार झाले, हेही सांगावे. संपूर्ण खरे ऐकलेल्या मुलाचा विश्वास पहिल्या धक्क्याला मोडत नाही. शक्य असेल तेव्हा मुलांना अर्ज देताना सोबत न्यावे. खिडकीपलीकडून शिक्का मारून परत आलेला कागद नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त शिकवतो.

मन थकले तर

सलग दोन आठवडे झोप न लागणे, कामात लक्ष नसणे, सतत चिडचिड, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे ही देशाच्या काळजीची लक्षणे म्हणून सोडून देऊ नयेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नोकरी गेलेला किंवा घर गेलेला शेजारी गप्प राहू लागला, तर त्याला उपदेश करू नये. त्याच्यासोबत चहा घ्यावा, त्याचे ऐकावे आणि फोन लावताना शेजारी बसावे.

टाळायच्या चुका

- तोंडी आश्वासनावर समाधान मानणे. शिक्का आणि आवक क्रमांक नसेल, तर अर्ज दिलाच नाही असे समजावे.
- एकाच विषयाचे अर्ज दहा कार्यालयांना पाठवणे. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.
- अपिलाची मुदत चुकवणे. अनेक प्रकरणे हरत नाहीत, मुदतीत पुढे न गेल्याने बंद होतात.
- सर्व आशा एका नेत्यावर किंवा एका निवडणुकीवर ठेवणे. माणसे बदलतात. कायद्याने दिलेली मुदत कायम राहते.
- एका अपयशावरून देशाचा निकाल लावणे आणि एका यशावरून सर्व काही सुधारले असे मानणे.

सुरुवात कोठून करावी

या आठवड्यात दुसऱ्या खणातील एक प्रश्न निवडावा, योग्य कार्यालयाला दीडशे शब्दांच्या आत माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि ती प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवावी. मग घरातल्या कालनिर्णयवर तिसाव्या दिवसाच्या चौकोनात लाल शाईने फुली मारावी. उत्तर आले तर त्याच फाइलमध्ये लावावे. आले नाही, तर त्या दिवशी पहिले अपील लिहायला बसावे.